गाडीची शाकारणी

पहिला थेंब माझ्या डाव्या मांडीवर पडला. गाडी घेऊन अकरा दिवस झाले होते. इथे अमेरिकेत, मिशिगनमध्ये, घरापासून दोन गल्ल्यांवर असताना पावसाने गाठलं, तशी मी गाडी आणून ड्राइव्हवेत उभी केली आणि आतच बसून राहिलो. डोक्यावर काचेचं छप्पर, त्याच्यावर वाजणारा मे महिन्याचा पाऊस, समोर लांबलचक बॉनेट. बरं वाटत होतं. मग मांडीवर टपकन काहीतरी पडलं. वाटलं, दार लावताना उडालं असेल. अर्ध्या मिनिटाने दुसरा थेंब पडला, तोही नेमका त्याच जागी. शिंतोडा कधी एकाच जागी दोनदा पडत नाही. चिपळूणजवळच्या कौलारू घरात अठरा पावसाळे काढलेल्या माणसाला एवढं तरी कळतं.

गाडी म्हणजे १९७९ची शेव्हरोले कॉर्व्हेट, अमेरिकन स्पोर्ट्स कार. त्या वर्षी ५३,८०७ कॉर्व्हेट बनल्या, तो आकडा नंतर कधी ओलांडला गेला नाही, त्यामुळे माझी काही दुर्मीळ वगैरे नाही. साडेतीनशे घनइंचांचं, म्हणजे ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन आणि ताकद म्हणाल तर १९५ अश्वशक्ती. आज इथली एखादी साधी फॅमिली गाडीसुद्धा तिला मागे टाकेल. पण मी तिच्या वेगावर भाळलो नव्हतो. भाळलो होतो टी-टॉपवर. छताच्या मधोमध पुढून मागे जाणारी एक पट्टी, आणि तिच्या दोन्ही बाजूंना हाताने काढून ठेवता येतील अशी दोन पॅनेलं. आतली कडी सोडायची, पॅनेल उचलायचं, सीटच्या मागे ठेवायचं. दोन मिनिटांत आकाश मोकळं.

ही कल्पना कॉर्व्हेटच्या आधीची आहे. गॉर्डन ब्युरिग नावाच्या डिझायनरने १९४८ साली टास्को नावाची एक नमुना गाडी केली. तिच्या छताला अशीच दोन सुटी पॅनेलं होती आणि त्याचं पेटंट त्याला १९५१ साली मिळालं. ती एकुलती एक गाडी इंडियानातल्या ऑबर्न गावच्या संग्रहालयात आहे. आमच्याकडून काही तासांचा रस्ता. मी तिला बघायला गेलो आणि दहा मिनिटं फक्त छतच बघत उभा राहिलो. शेवटी शेजारच्या बाईंनी विचारलं, काही हरवलंय का?

कॉर्व्हेटला टी-टॉप आला १९६८ साली. मूळ विचार सबंध छत एकाच पॅनेलचं करायचा होता, पण वरचा भाग उघडला की फायबरग्लासचं अंग पिळ खायला लागलं, म्हणून मध्ये ती पट्टी घातली. पोर्शने १९६५ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ९११ टार्गा आणली होती, तिला पट्टी नव्हती, मागे जाड स्टीलची कमान होती. सिसिलीतल्या टार्गा फ्लोरिओ शर्यतीवरून ते नाव. सत्तरच्या दशकात अमेरिकेत कापडी छताच्या गाड्या एकेक करून बंद पडल्या. कॉर्व्हेटचीही १९७५नंतर गेली, ती थेट १९८६ला परत आली. मधल्या काळात ज्याला वारं हवं होतं त्याने बहुधा टी-टॉपच घेतला. २००२च्या कॅमारो आणि फायरबर्डनंतर तोही संपला. म्हणजे आज टी-टॉप जिच्यावर आहे ती गाडी जुनीच, आणि तिचं रबरही बहुधा जुनंच.

थेंबाकडे परत येतो.

मी आत गेलो, टॉवेल आणला आणि नवऱ्या मुलासारखा तो मांडीवर पसरून बसलो. बायकोने खिडकीतून बघितलं. ‘‘छप्पर गळतंय?’’ मी म्हटलं, थोडंसं. ती म्हणाली, ‘‘छप्पर थोडंसं गळत नाही. एक तर गळतं नाही तर नाही.’’

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट उचललं. खालचं फेल्ट दाबलं तर पाणी वर आलं. एका रात्रीच्या पावसाचं एवढं पाणी नसतं. तेव्हा आठवलं की विकणाऱ्याने कौतुकाने सांगितलं होतं, कार्पेट आत्ताच नवीन टाकलंय. त्या वेळी मला ते गाडीची निगा राखल्याचं लक्षण वाटलं होतं. आता कोणी जुनी टी-टॉप घ्यायला निघालं आणि मला विचारलं, तर मी सांगतो की आधी दार लावून, काचा वर करून, पाच मिनिटं आत बसा आणि नाकाने बघा. पावसाळ्यात मिटून ठेवलेल्या गादीचा वास आला तर किंमत कमी करून मागा. आणि नवीन कार्पेट दिसलं तर आधी तेच उचला.

या गाडीच्या बाबतीत गळतीची भीती कार्पेटपुरती नसते. कॉर्व्हेटचं बाहेरचं अंग फायबरग्लासचं, ते गंजत नाही. मिशिगनच्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने बाकीच्या गाड्या पापडासारख्या होतात, ही बाहेरून तशीच चकचकीत. पण त्या कातडीच्या आत स्टीलचा सांगाडा असतो. समोरच्या काचेची चौकट, दारांचे खांब, छताची पट्टी, सगळं त्यात आलं. मालक लोक त्याला ‘बर्डकेज’ म्हणतात, पिंजरा. रबर सुकलं की पाणी पिंजऱ्यात शिरतं, खांबातून खाली उतरतं, तळाशी साचतं आणि वर्षानुवर्षं आतून खात राहतं. बाहेर रंगाला टवकाही जात नाही. आमच्याकडे वाळवी लागलेला खांब असाच असायचा, वरून रंगवलेला आणि बोट लावलं की आत जाणारा.

म्हणून रबराच्या आधी पिंजरा बघायचा होता. पायाजवळची बाजूची प्लास्टिकची झाकणं काढली, काचेच्या चौकटीवरच्या धातूच्या पट्ट्या काढल्या, हातात टॉर्च आणि जाड स्क्रूड्रायव्हर घेऊन ठोकत गेलो. ठण्ण आवाज आला की जीव भांड्यात. डाव्या खांबाच्या तळाशी आवाज बदलला. तिथून मूठभर गंजाच्या पापड्या, एक सुकलेलं पान आणि कोणाचं तरी १९९०च्या दशकातलं नाणं निघालं. सुदैवाने गंज वरवरचा होता, आरपार भोक नव्हतं. तारेच्या ब्रशने घासून, गंज मारणारं रसायन लावून, वर इपॉक्सी प्रायमरचे दोन हात दिले. लिहिताना हे एका वाक्यात झालं. प्रत्यक्षात दोन शनिवार-रविवार गेले आणि उजवा खांदा गेला तो वेगळाच.

त्या रविवारी रात्री गावी अप्पांना फोन लावला. इथे साडेआठ, तिथे सकाळचे सहा. ते अंगणात चहा घेऊन बसलेले आणि मागे घरावर दोन गडी चढलेले. मे संपत आला होता आणि आमची शाकारणी चालू होती. गेल्या वर्षीची फुटकी कौलं बाजूला रचलेली, आढ्यावर नवे कोने बसत होते. मी गाडी दाखवली. अप्पांना गाडीचं फारसं काही वाटलं नाही.

‘‘थेंब पडतो कुठे?’’

‘‘डाव्या मांडीवर. पुढच्या काचेच्या कोपऱ्यातून.’’

‘‘म्हणजे तिथून शिरत नसणार. अरे, माजघरात आजीच्या अंथरुणावर गळायचं तेव्हा कौल कुठलं फुटलेलं असायचं? पार आढ्याजवळचं. पाणी वाशावरून चालत येतं आणि जिथे खाच मिळते तिथे सुटतं.’’ मग जरा थांबून म्हणाले, ‘‘रात्री आत दिवा ठेव आणि बाहेरून बघ. उजेड निघतो तिथून पाणी शिरतं.’’

ऐकलं आणि सोडून दिलं, कारण मी चोवीस वर्षं गाड्यांच्या कंपन्यांत काम केलेला इंजिनियर. मला थेंब समोर दिसत होता. त्याची शिक्षा पुढे मिळाली.

रबराचा सबंध संच मागवला. छताच्या पॅनेलांची, काचेच्या चौकटीची, दारांची आणि दारामागच्या खांबांची रबरं, डावी वेगळी, उजवी वेगळी. आधीच्या मालकाने, किंवा त्याच्या आधीच्याने, गळती थांबवायला जुन्या रबरावर सिलिकॉन थापलेलं होतं. थरावर थर. प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून, मधूनच चिंधीवर सॉल्व्हंट घेऊन, रंगाला न दुखवता ते काढणं म्हणजे करपलेल्या पातेल्याची खरवड काढण्यासारखं, फक्त पातेलं सहा फूट लांब आणि पेंट नाजूक.

रबर चिकटवायचा जो गम मिळतो तो आपल्या चांभाराच्या सोल्युशनच्या जातीचा. दोन्ही बाजूंना पातळ लावायचा, बोटाला चिकटेल पण तार सुटणार नाही इतका सुकू द्यायचा, आणि मग दाबायचं. एकदा दाबलं की विषय संपला. मी काचेच्या चौकटीचं रबर दाबलं, दोन्ही पॅनेलांचं दाबलं, फार छान वाटलं. दार लावायला गेलो तर लागेना. जोर लावून लावलं तर काचेची वरची कड रबरावर न बसता रबराला आत ढकलून दुमडत होती.

आमच्या शेजारी एक निवृत्त टूल-अँड-डाय मेकर, म्हणजे कारखान्यातले साचे बनवणारे कारागीर, राहतात. वय ऐंशीच्या घरात, स्वतःची १९७२ची कॉर्व्हेट. ते कॉफीचा मग घेऊन आले, बघितलं आणि मान हलवली. म्हणाले, आधी दार, मग दाराची काच, मग छप्पर. हा क्रम कोणी सांगितला नाही का? नव्हता सांगितला. म्हणजे संचाबरोबर आलेल्या कागदावर असणार, पण तो कागद मी गम सांडू नये म्हणून खाली अंथरला होता.

या गाडीच्या दाराच्या काचेला वरून चौकट नाही. ती नुसतीच वर येते आणि छताच्या रबरात टेकते. त्यामुळे आधी दाराची फट सगळीकडे सारखी करायची, मग दाराच्या आतले बोल्ट सैल करून काचेची उंची, तिरकेपणा, आत-बाहेर जमवायचं, आणि मग पॅनेल. डावीकडचं रबर काढताना फाटलं. पुन्हा मागवलं. आठवडा गेला आणि माझा रुबाबही गेला.

दुसऱ्या खेपेला सगळं न चिकटवता बसवून पाहिलं. शेजाऱ्यांनी एक युक्ती शिकवली. रबर आणि काच यांच्यामध्ये नोट धरायची, दार लावायचं आणि नोट ओढायची. सहज निघाली तर तिथे फट. अजिबात निघाली नाही तर दाब जास्त. थोडा जोर लागून निघाली म्हणजे बरोबर. ते डॉलरची नोट वापरतात. माझ्या पाकिटात गावाहून परत येताना राहिलेली दहाची नोट होती, ती वापरली. वितभर, वितभर सरकत सगळ्या कडेने नोट ओढत गेलो. संध्याकाळी त्या नोटेची अवस्था एसटीच्या कंडक्टरकडच्या नोटेसारखी झाली होती.

नवीन रबर ताठ असतं. कडी लागेना. इथे बरेचजण घाई करून कडीच तोडतात. आम्ही कशीबशी कडी अडकवली आणि जुलैच्या उन्हात गाडी पाच दिवस तशीच ठेवली. रबराने आपली जागा धरली.

मग पाणी. पाइप सोडायचा तो धार करून नाही, नुसता वाहता. आणि खालून वर. आधी दाराची खालची कड, दहा मिनिटं. मग काचेचा खालचा भाग. मग वर. एकदम छतावर पाणी सोडलं तर सगळीकडून वाहतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. आत माझी तेरा वर्षांची मुलगी, टॉर्च घेऊन. आतल्या कडांना आम्ही टाल्कम पावडर लावली होती, म्हणजे पाणी जिकडून जाईल तिकडे ओघळ उमटेल. दार, कोरडं. काचेची बाजू, कोरडी. पुढची चौकट, जिथे माझा संशय होता, तिथे पंधरा मिनिटं पाणी सोडलं. कोरडी. मी जिंकल्यासारखा पाइप फिरवत मागे नेला, पॅनेलचा मागचा कोपरा, मधल्या पट्टीजवळ, आणि आतून आवाज आला, ‘‘बाबा, मांडीवर!’’

नवीन रबर, नवीन गम, दोन महिने, आणि थेंब त्याच जागी.

त्या रात्री गपचूप अप्पांचं ऐकलं. गॅरेजचे दिवे बंद केले, गाडीत मोठा टॉर्च लावून ठेवला, दारं बंद केली आणि अंधारात तिच्याभोवती फिरलो. सगळी गाडी काळी. फक्त डाव्या पॅनेलच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे पॅनेलच्या रबराचं टोक मधल्या पट्टीच्या रबराला भेटतं, तिथे उजेडाचा ठिपका. तांदळाच्या दाण्याएवढा. घरात माळ्यावर झोपलेलं असताना कौलांतून दिसायचे तसला.

पाणी तिथून शिरत होतं. मग पट्टीच्या आतल्या कडेने पुढे यायचं आणि पुढच्या कोपऱ्यात आतल्या आवरणाचा सांधा होता तिथे सुटायचं. पण मागचं पाणी पुढे का येईल? बाहेर आलो, ड्राइव्हवेकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. आमचा ड्राइव्हवे रस्त्याकडून गॅरेजकडे उतरता आहे. गाडी लावली की नाक खाली. सपाट जागेवर तेच पाणी बहुधा मागे कार्पेटमध्ये मुरलं असतं आणि मला कधी कळलंही नसतं. बघणं भाग होतं म्हणून सीटमागचं उचललं, तर ड्रायव्हरच्या मागे जिथे या गाडीची बॅटरी बसते त्या खणातही ओल होती.

इलाज पाच मिनिटांचा. दोन रबरांची टोकं जिथे भेटत होती तिथे ती एकमेकांना घट्ट लागत नव्हती. मध्ये रबराचा छोटा तुकडा कापून बसवला, सांधा गमने भरला, रात्रभर दाबून ठेवला. कडेने सिलिकॉन ग्रीसचा हात फिरवला, म्हणजे थंडीत रबर काचेला चिकटून फाटत नाही.

मधल्या काळात रविवारी सकाळी जुन्या गाड्यांच्या अड्ड्यावर जायला लागलो होतो. एका दुकानाच्या पार्किंगमध्ये वीस-पंचवीस गाड्या जमतात. छत काढता येणाऱ्या गाड्यांचे मालक आपोआप एका कोपऱ्यात. आमच्यात दोन पंथ आहेत. एकाची गाडी कधी पाऊस बघतच नाही, ढग दिसला की घरी. दुसरा सीटमागे टॉवेल ठेवतो आणि त्याबद्दल बोलत नाही. फियाट एक्स-वन-नाइनवाला एक आहे, तिचं पॅनेल पुढच्या डिकीत, सामानाच्या वर बरोबर बसतं आणि हे तो दर रविवारी करून दाखवतो. मूळ रबरावरचे शिक्के जुळले पाहिजेत असा आग्रह धरणारेही भेटतात. माझा संच नव्याने बनवलेला आहे कळल्यावर त्यातल्या एकाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी जणू वाड्याला पत्रा ठोकलाय. ‘गळत नाही ना?’ असं विचारलं तर मात्र तो गृहस्थ हसून कॉफी आणायला गेला.

या कोपऱ्यात माझी पत बायकोमुळे वाढली. पॅनेलं काचेची, सीटमागे ठेवताना एकमेकांना घासतात, म्हणून मऊ पिशव्या लागतात. विकत मिळतात त्या काळ्या नायलॉनच्या. तिने जुन्या साड्यांच्या गोधडीच्या शिवल्या, एक जांभळी, एक हिरवी. मिशा पिळणारे, टॅटूवाले बाप्ये त्या पिशव्या हातात घेऊन टाके बघत होते. तीन ऑर्डरी आल्या. तिने नकार दिला आणि त्यामुळे पत आणखी वाढली.

मिशिगनमध्ये किमान २६ वर्षं जुन्या गाडीला ऐतिहासिक वाहनाची पाटी मिळते. ती लावली की गाडी मेळाव्याला, मिरवणुकीला, प्रदर्शनाला न्यायची, रोज भाजी आणायला नाही. फक्त ऑगस्ट महिना मोकळा, तेव्हा कुठेही फिरा. म्हणजे आमची गाडी श्रावण पाळते. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ नावाची जुन्या गाड्यांची फेरी असते. १९९५ साली फर्नडेलमध्ये मुलांच्या फुटबॉलच्या मैदानासाठी पैसे जमवायला सुरू झालेली, आता पाँटिअ‍ॅकपर्यंत रस्ता जुन्या गाड्यांनी भरतो. आम्ही दोघं छप्पर काढून गेलो. चार तासांत बारा-पंधरा किलोमीटर सरकलो, इंजिनाच्या उष्णतेने पाय भाजले, आणि फुटपाथवर खुर्च्या टाकून बसलेल्या आज्या आमच्याकडे बघून हात हलवत होत्या.

वाटेतल्या बर्मिंगहॅम गावाच्या पुढे आभाळ भरून आलं. पेट्रोल पंपाच्या आडोशाला थांबलो, गोधडीतून पॅनेलं काढली, बसवली, कड्या लावल्या. शेजारी एक फायरबर्डवाला तेच करत होता. नजरानजर झाली, कोणी काही बोललं नाही. मग जो पाऊस आला तो आमच्याकडे आषाढात येतो तसा. पाऊण तास आम्ही त्या पावसात रांगेत उभे. बायको टिश्यू पेपर घेऊन छताच्या कडेने फिरवत होती, वितभर, वितभर. मागचा कोपरा, कोरडा. पट्टी, कोरडी. पुढची चौकट, कोरडी.

‘‘तुझ्या बाजूला?’’ मी विचारलं.

ती खाली बघत होती. तिच्या उजव्या गुडघ्यावर एक थेंब. बराच वेळ वाट बघितली. दुसरा आला नाही. मग, घराच्या वळणावर, आला. त्याच जागी.

रात्री अप्पांना सांगितलं. तिकडे घर यंदा एका ठिकाणी गळतंय म्हणाले, देवघराच्या दारात.

‘‘तुझं किती?’’

‘‘पाऊण तासात दोन थेंब.’’

‘‘मग वाटी ठेव,’’ अप्पा म्हणाले, आणि भाताला पाणी किती झालं ते सांगायला लागले.